पोलिसांचं वर्णन इंग्रजीत कसं करावं: विशेषणांची निवड, जागा आणि नेहमीच्या चुका

पासपोर्टच्या पडताळणीसाठी घरी आलेला शिपाई, चौकात पावती फाडणारा वाहतूक हवालदार, परदेशात पत्ता सांगणारा अधिकारी, तक्रार नोंदवून घ्यायला टाळाटाळ करणारं ठाणं. या सगळ्यांबद्दल कधी ना कधी इंग्रजीत बोलावं किंवा लिहावं लागतं. क्रियापद, काळ जमून जातं. अडतं ते विशेषणापाशी. ‘स्ट्रिक्ट’ म्हणायचं की ‘हार्श’? ‘प्लेन-क्लोद्स’ की ‘सीक्रेट’? ‘कन्सर्न्ड’ नामाच्या आधी की नंतर? चुकलेला शब्द कधी हास्यास्पद ठरतो, तर कधी तक्रारीचा जोरच घालवतो.

सुरुवातीला एकच गोष्ट ठरवायची. आपलं विशेषण कुठले पोलीस ते सांगतंय, की पोलीस कसे वागले ते सांगतंय? ‘आर्म्ड’, ‘ऑफ-ड्यूटी’, ‘माउंटेड’ हे पहिल्या प्रकारातले. ‘पोलाइट’, ‘हार्श’, ‘करप्ट’ दुसऱ्या प्रकारातले. ओळखायची सोपी रीत म्हणजे आधी ‘व्हेरी’ लावून बघणं. ‘व्हेरी पोलाइट’ चालतं, ‘व्हेरी प्लेन-क्लोद्स’ चालत नाही. या एका फरकावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे: शब्दांचा क्रम, जोर कसा द्यायचा, आणि लेखी मजकुरात पुरावा लागतो की नाही तेसुद्धा.

आधी नाम नीट बसवा

मराठीत ‘एक पोलीस आला’ आणि ‘चार पोलीस आले’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. इंग्रजीत ‘पोलीस’ हे नाम नेहमी अनेकवचनी असतं. ‘द पोलीस वॉज रूड’ चूक, ‘द पोलीस वेअर रूड’ बरोबर. ‘अ पोलीस केम’ तर मुळीच नाही. एका माणसाबद्दल बोलताना ‘अ पोलीस ऑफिसर’ म्हणावं. अनेकवचन करायला ‘पोलिसेस’ असं नाम नाही. छोट्या आकड्यासाठी ‘थ्री पोलीस ऑफिसर्स’ म्हणतात; मोठ्या बंदोबस्ताबद्दल मात्र ‘टू हंड्रेड पोलीस’ किंवा ‘हंड्रेड्स ऑफ पोलीस’ असं सर्रास लिहिलं जातं.

इथे आपल्याकडची एक अडचण येते. आपण ‘ऑफिसर’ म्हणतो ते फौजदार आणि त्याच्या वरच्यांना. शिपायाला ‘ऑफिसर’ म्हणताना जीभ अडखळते. ब्रिटन-अमेरिकेत हुद्दा कितीही खालचा असो, ‘पोलीस ऑफिसर’ हाच सर्वसाधारण शब्द आहे. भारतातल्या वाचकासाठी लिहिताना हुद्दा माहीत असेल तर ‘अ कॉन्स्टेबल’, ‘अ हेड कॉन्स्टेबल’, ‘अ सब-इन्स्पेक्टर’ असा थेट लिहावा.

‘लेडी पोलीस’ हा शब्द टाळा. ‘अ वुमन पोलीस ऑफिसर’ म्हणा, आणि अनेकवचनात दोन्ही शब्द बदलतात हे लक्षात ठेवा: ‘टू विमिन पोलीस ऑफिसर्स’. ‘फीमेल’ वापरलं तर ते बदलत नाही. मुद्द्याशी संबंध नसेल तर स्त्री-पुरुष असा उल्लेखच नको. संबंध असेल तर तो वगळू नका: एखाद्या महिलेच्या अटकेबद्दल लिहिताना ‘नो वुमन ऑफिसर वॉज प्रेझेंट’ हे वाक्य फार महत्त्वाचं ठरू शकतं.

कुठले पोलीस: या शब्दांचे अर्थ ठरलेले आहेत

साध्या वेशातले पोलीस म्हणजे ‘प्लेन-क्लोद्स पोलीस’. शब्दशः भाषांतर करून ‘सिंपल ड्रेस पोलीस’ म्हटलं तर कुणाला कळणार नाही. ‘सिव्हिल ड्रेस’ भारतात कळतं, बाहेर अडखळतं. याच्याच शेजारचा शब्द ‘अंडरकव्हर’, पण तो समानार्थी नाही. प्लेन-क्लोद्स अधिकारी फक्त गणवेशात नसतो. विचारलं तर ओळखपत्र दाखवतो. अंडरकव्हर अधिकारी ओळखच बदलून टोळीत शिरलेला असतो. गणपतीच्या गर्दीत पाकीटमार पकडायला उभा असलेला माणूस प्लेन-क्लोद्स, अमली पदार्थांच्या टोळीत गिऱ्हाईक बनून वावरणारा अंडरकव्हर.

सर्वांत मोठी फसगत ‘सीक्रेट पोलीस’ची. मराठीत ‘गुप्त पोलीस’ म्हटलं की गुप्तहेर, तपास करणारा हुशार माणूस डोळ्यांपुढे येतो. इंग्रजीत ‘सीक्रेट पोलीस’ म्हणजे हुकूमशाही सरकारने विरोधकांवर पाळत ठेवायला आणि त्यांना दडपायला उभी केलेली यंत्रणा. पूर्व जर्मनीची श्टाझी हे त्याचं ठळक उदाहरण. तेव्हा ‘माझे काका सीक्रेट पोलिसात होते’ हे वाक्य इंग्रजीत कौतुकाने सांगाल, तर ऐकणारा दचकेल. ‘ही वॉज अ डिटेक्टिव्ह’ किंवा ‘ही वर्क्ड इन पोलीस इंटेलिजन्स’ असं सांगावं.

‘आर्म्ड पोलीस’चा अर्थ देशागणिक वेगळा वाटतो. ब्रिटनमध्ये, उत्तर आयर्लंड सोडलं तर, बहुतेक पोलिसांकडे रोजच्या कामात बंदूक नसते. म्हणून तिथल्या बातमीत ‘आर्म्ड पोलीस वेअर कॉल्ड’ असं आलं की प्रकरण गंभीर आहे हे वाचकाला लगेच कळतं. अमेरिकेत जवळपास प्रत्येक गस्तीच्या पोलिसाकडे पिस्तूल असतं, त्यामुळे तिथे हा शब्द वेगळा लावण्याची फारशी गरज पडत नाही. भारतात ‘आर्म्ड पोलीस’ ही दलाची वेगळी शाखा आहे, आणि ठाण्यात बसणारे ते ‘सिव्हिल पोलीस’. जोर द्यायचा तर ‘व्हेरी आर्म्ड’ नव्हे, ‘हेव्हिली आर्म्ड’. शस्त्र नसलेले ‘अनआर्म्ड’. आणि हातात फक्त काठी असेल तर ‘आर्म्ड ओन्ली विथ अ लाठी’. ‘लाठी’ हा शब्द इंग्रजीने केव्हाच घेतला आहे, त्याचं भाषांतर करत बसू नका.

‘रायट पोलीस’ म्हणजे दंगल आवरणारे. ‘माउंटेड पोलीस’ म्हणजे घोड्यावरचे. ‘मिलिटरी पोलीस’ म्हणजे लष्कराच्या आतली शिस्त राखणारे; केंद्रीय राखीव पोलीस दलासारख्यांना तो शब्द लागत नाही, त्यांना इंग्रजी वर्तमानपत्रं ‘पॅरामिलिटरी’ म्हणतात. ‘सस्पेंडेड’ म्हणजे निलंबित आणि ‘डिसमिस्ड’ म्हणजे बडतर्फ. निलंबित माणूस सेवेत असतो, चौकशी चालू असते. या दोघांत गल्लत केली तर ती नुसती भाषेची चूक राहत नाही, एखाद्यावर अन्याय होतो.

‘अ’ की ‘अॅन’: देवनागरीतून उत्तर

या विषयात स्वराने सुरू होणारी विशेषणं खूप, म्हणून ‘अ’ की ‘अॅन’ हा प्रश्न सारखा येतो. इंग्रजी स्पेलिंग बघू नका. शब्द देवनागरीत जसा उच्चारता तसा लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘अॅन’, व्यंजन असेल तर ‘अ’.

‘ऑनेस्ट’ लिहिलं की सुरुवातीला ‘ऑ’ दिसतो, म्हणून ‘अॅन ऑनेस्ट ऑफिसर’. स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर उच्चारात नसल्यामुळे ते मोजायचं नाही. ‘युनिफॉर्म्ड’ लिहिलं की ‘य’ दिसतो, म्हणून ‘अ युनिफॉर्म्ड ऑफिसर’. त्याच इंग्रजी अक्षराने सुरू होणारं ‘अनआर्म्ड’ मात्र स्वराने सुरू होतं: ‘अॅन अनआर्म्ड ऑफिसर’. लघुरूपांनाही हीच कसोटी. ‘अॅन एफआयआर’, ‘अॅन एसपी’, ‘अॅन आयपीएस ऑफिसर’, ‘अॅन एसीपी’; पण ‘अ डीसीपी’ आणि ‘अ पीएसआय’. इंग्रजी माध्यमात शिकलेलेही ‘अ एफआयआर’ लिहून जातात. देवनागरी येणाऱ्याकडे ही किल्ली आयती आहे.

क्रम आणि जोडरेघ

दोन-तीन विशेषणं एकत्र आली की मराठी आणि इंग्रजी वेगळ्या वाटेने जातात. मराठीत ‘साध्या वेशातले दोन तरुण, मदतीला तत्पर अधिकारी’ असं म्हणता येतं. क्रम बराच सैल असतो. इंग्रजीत आधी संख्या, मग आपलं मत, मग वय, मग देश, आणि प्रकार सांगणारा शब्द नामाला चिकटून: ‘टू हेल्पफुल यंग प्लेन-क्लोद्स ऑफिसर्स’. ‘टू प्लेन-क्लोद्स हेल्पफुल यंग ऑफिसर्स’ हे मराठी क्रमाचं ओझं घेऊन आलेलं वाक्य आहे आणि इंग्रजी कानाला लगेच खटकतं. प्रकार सांगणारा शब्द सोडला तर एका नामाआधी दोनच विशेषणं ठेवावीत. तिसरं सांगायचंच असेल तर वेगळं वाक्य करा.

जोडरेघेचा नियम छोटा आहे. जोडशब्द नामाच्या आधी आला तर जोडरेघ, नंतर आला तर बहुतेक वेळा नाही: ‘अॅन ऑफ-ड्यूटी ऑफिसर’, पण ‘ही वॉज ऑफ ड्यूटी’. ‘अ वेल-ट्रेन्ड टीम’, पण ‘द टीम इज वेल ट्रेन्ड’. ‘हायली ट्रेन्ड’, ‘पुअरली पेड’, ‘हेव्हिली आर्म्ड’ अशा ‘ली’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणांपुढे जोडरेघ येत नाही.

नामाआधी की नामानंतर: इथे अर्थच बदलतो

सरकारी पत्रव्यवहारात ‘संबंधित अधिकारी’साठी आपण डोळे मिटून ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ लिहितो. भारतात ते चालून जातं, कारण सगळेच तसं लिहितात. लंडन किंवा टोरांटोतला वाचक त्याचा अर्थ ‘काळजीत पडलेला अधिकारी’ असा घेईल. संबंधित अधिकारी म्हणजे ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’. विशेषण नामाच्या मागे गेलं की अर्थ बदलला.

अशीच आणखी एक जोडी आहे. ‘अ रिस्पॉन्सिबल ऑफिसर’ म्हणजे जबाबदारीने वागणारा, ही स्तुती. ‘द ऑफिसर रिस्पॉन्सिबल’ म्हणजे ज्याच्यावर ठपका येतो किंवा ज्याच्याकडे ते काम आहे तो. आणि जागेवर हजर असलेले अधिकारी म्हणजे ‘द ऑफिसर्स प्रेझेंट’. तोच शब्द आधी आणला तर ‘सध्याचे’ असा अर्थ होतो. अर्जात आणि जबाबात या गोष्टी तपासूनच सही करावी.

‘सस्पिशस’ हा शब्द जागेने नव्हे, संदर्भाने फिरतो. ‘अ सस्पिशस मॅन’ म्हणजे संशयास्पद माणूस. ‘द पोलीस वेअर सस्पिशस ऑफ हिम’ म्हणजे पोलिसांना त्याचा संशय आला. नुसतं ‘अ सस्पिशस पोलीसमन’ लिहिलं तर संशय घेणारा की संशय यावा असा, हे वाचकाला कळत नाही. ‘ऑफ’ जोडला की घोळ मिटतो.

कसे वागले: ‘कडक’चे पाच शब्द

मराठीत ‘कडक’ एकटा बरंच ओझं वाहतो. ‘साहेब कडक आहेत’ यात धाक आहे, तक्रार आहे आणि बऱ्याचदा कौतुकही आहे. इंग्रजीत त्यातलं नेमकं काय म्हणायचं ते आधी ठरवावं लागतं.

नियम काटेकोरपणे लावणारा तो ‘स्ट्रिक्ट’. यात स्तुती नाही, निंदाही नाही. चेहरा आणि आवाज कठोर असेल तर ‘स्टर्न’, मग मनाने माणूस मऊ असला तरी. सभ्यपणे बोलूनही जागचा न हलणारा ‘फर्म’; हे निखळ कौतुक आहे, आणि ‘फर्म बट फेअर’ हा जोडशब्द पोलिसांबद्दल बोलताना नेहमी कानावर येतो. गुन्हेगारीविरुद्धच्या धोरणासाठी ‘टफ’: ‘टफ ऑन क्राइम’. आणि गरजेपेक्षा जास्त कठोर वागला तर ‘हार्श’, ही टीका झाली. ‘हार्ड’ या यादीत नाही. ‘द पोलीस वेअर व्हेरी हार्ड’ असं कुणी म्हणत नाही. खमक्या अधिकाऱ्याला मात्र इंग्रजीत नेमका शब्द आहे: ‘अ नो-नॉन्सेन्स ऑफिसर’.

बळाचा अतिरेक झाला की ‘हेव्ही-हँडेड’. जमाव पांगवताना गरज नसताना लाठ्या चालवल्या, तर ‘द पोलीस रिस्पॉन्स वॉज हेव्ही-हँडेड’. याच्यासारखाच दिसणारा ‘हाय-हँडेड’ वेगळा आहे. त्यात मारहाण नसली तरी चालते. कुणाला न विचारता, हुकमत गाजवून केलेल्या वागण्याला तो लागतो. टपरीवाल्याचं सामान कागद न दाखवता उचलून नेणं म्हणजे ‘हाय-हँडेड’. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘पोलीस हाय-हँडेडनेस’ नेहमी दिसतं. क्रौर्य, छळ किंवा निष्क्रियता यांबद्दल बोलताना इंग्रजी विशेषणापेक्षा नामाकडे जास्त वळते: ‘पोलीस ब्रूटॅलिटी’, ‘पोलीस हॅरॅसमेंट’, ‘पोलीस इनअॅक्शन’.

‘उर्मट’साठी ‘रूड’ पुरतं, आणखी जोर हवा तर ‘अॅरोगंट’. ‘इन्सोलंट’ इथे वापरू नका. तो खालच्याने वरच्याशी केलेल्या उद्धटपणाला लागतो, म्हणजे अधिकारी नागरिकाला म्हणेल, उलट बसत नाही. ‘ऑफिशस’ दिसायला ‘ऑफिशियल’सारखा, पण अर्थ साफ वेगळा: क्षुल्लक अधिकार मिरवत नको तिथे लुडबुड करणारा. ‘ऑफिशस स्टेटमेंट’ असं लिहून अधिकृत निवेदनाची थट्टा होऊ देऊ नका.

‘कर्तव्यदक्ष’ हे मराठी बातम्यांचं लाडकं विशेषण. ‘ड्यूटी-कॉन्शस’ ही त्याची नक्कल भारतातच चालते. बाहेर ‘कॉन्शिएन्शस’ किंवा ‘डेडिकेटेड’. ‘ड्यूटिफुल’ नको, त्यात आज्ञाधारक मुलाची छटा आहे. ‘हलगर्जी’ म्हणजे ‘केअरलेस’ किंवा ‘लॅक्स’. ‘नेग्लिजंट’ला कायद्याचं वजन आहे, तो जपून. ‘स्मार्ट’ ब्रिटनमध्ये टापटीप गणवेशासाठी, अमेरिकेत हुशारीसाठी. लाचखाऊ पोलीस सगळीकडे ‘करप्ट’. बोलीत ब्रिटिश ‘बेंट’ म्हणतो, अमेरिकन ‘डर्टी’ किंवा ‘क्रुकेड’. ‘अ डर्टी कॉप’ म्हणजे कपडे मळलेला पोलीस नव्हे.

‘कॉप’ हा शब्द शिवी नाही, पण अनौपचारिक आहे. मित्राशी बोलताना चालतो, अर्जात नाही, आणि समोर उभ्या पोलिसाला तर नाहीच. परदेशात समोरासमोर ‘ऑफिसर’ म्हणावं, आपल्याकडे ‘सर’ किंवा ‘मॅडम’. आणि ‘गुड कॉप, बॅड कॉप’ म्हणजे एक चांगला पोलीस आणि एक वाईट पोलीस असं नाही. चौकशीत एकाने दरडावायचं आणि दुसऱ्याने गोड बोलून माहिती काढायची, या डावपेचाचं ते नाव आहे.

विशेषणामागचं शब्दयोगी पाठच करून टाकावं, कारण मराठीतला ‘शी’ इथे दगा देतो. ‘माझ्याशी उद्धट वागला’ म्हणून ‘रूड विथ मी’ येतं; हवं ‘रूड टू मी’. तसंच ‘पोलाइट टू’, पण ‘पेशंट विथ’. माणसांशी ‘स्ट्रिक्ट विथ’, नियमांबाबत ‘स्ट्रिक्ट अबाउट’. ‘कॉम्प्लिसिट इन’, ‘अकाउंटेबल टू’ एखाद्या संस्थेला आणि ‘अकाउंटेबल फॉर’ एखाद्या कृत्यासाठी. ‘ही स्पोक रूड’ नाही, ‘ही स्पोक रूडली’. पण ‘ही साउंडेड रूड’ बरोबर. ‘फ्रेंडली’ मुळातच विशेषण असल्याने ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे’.

गौरव करताना

शौर्याबद्दल लिहिताना विशेषणांची रांग लावायचा मोह होतो: ‘ब्रेव्ह, फिअरलेस, गॅलंट’. यातला ‘गॅलंट’ पदकांच्या आणि सन्मानपत्रांच्या भाषेतला, रोजच्या बोलण्यात ‘ब्रेव्ह’ पुरतो. पण तुकाराम ओंबळे यांच्याबद्दल इंग्रजीत एक वाक्य लिहायचं असेल तर असं लिहा: ‘आर्म्ड ओन्ली विथ अ लाठी, असिस्टंट सब-इन्स्पेक्टर तुकाराम ओंबळे सीझ्ड द गनमन्स रायफल अँड हेल्ड ऑन.’ 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी हे केलं, आणि 2009 साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्या वाक्यात मत सांगणारं एकही विशेषण नाही. ‘आर्म्ड ओन्ली विथ’ एवढ्या वस्तुस्थितीने जे पोहोचतं ते ‘फिअरलेस’ तीनदा लिहूनही पोहोचणार नाही.

तक्रार लिहिताना

तक्रारीलाही हेच लागू, आणि इथे चुकीची किंमत जास्त. नेहमी दिसणारा मजकूर असा असतो: ‘द पोलीस वॉज व्हेरी रूड, अॅरोगंट अँड करप्ट. ही बिहेव्ह्ड बॅडली विथ मी.’ व्याकरणाच्या चुका बाजूला ठेवा. यात तपासता येईल असं काहीच नाही. शिवाय ‘करप्ट’ हा थेट आरोप आहे. पुरावा नसताना तो लेखी केला, त्यातही समाजमाध्यमावर टाकला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीची तक्रार ओढवू शकते.

तोच मजकूर असा करा: ‘ऑन 12 मार्च, अॅट अबाउट 9.40 पीएम, द कॉन्स्टेबल अॅट द फ्रंट डेस्क शाउटेड अॅट मी ट्वाइस अँड रिफ्यूज्ड टू अॅक्सेप्ट माय रिटन कम्प्लेंट. द सब-इन्स्पेक्टर, हू केम लेटर, वॉज कर्टियस बट डिड नॉट रजिस्टर इट.’ यात तारीख, वेळ, हुद्दा आणि कृती आहे. ‘रूड’च्या जागी ‘शाउटेड ट्वाइस’ आलं. मत सांगणारं विशेषण एकच उरलं, ‘कर्टियस’, आणि तेही पोलिसांच्या बाजूचं. जिथे चांगलं वागले तिथे ते नोंदवलं की उरलेल्या तक्रारीवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. पैसे मागितले असतील तर ‘करप्ट’ न लिहिता ‘ही आस्क्ड मी फॉर’ आणि पुढे रक्कम. दुसऱ्याकडून ऐकलेलं असेल तर ‘अलेजेडली’.

पाठवण्याआधी कागदावरच्या प्रत्येक विशेषणाला पेन्सिलने गोल करा आणि स्वतःला विचारा: हे मला कशावरून कळलं? उत्तर म्हणून एखादी कृती, वेळ किंवा वाक्य सापडलं, तर विशेषण खोडून ते लिहा. प्रकार सांगणारे शब्द, म्हणजे ‘युनिफॉर्म्ड’, ‘प्लेन-क्लोद्स’, ‘ऑन-ड्यूटी’, तसेच राहू द्या. अधिकारी ओळखायला तेच कामाला येतात. ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार हीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि गुन्हा नोंदवला गेला तर त्याची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळायला हवी. महाराष्ट्रात हे सगळं मराठीत लिहून द्यायला काहीच अडचण नाही. इंग्रजी लागते ती बंगळूर, चेन्नई किंवा परदेशातल्या ठाण्यासाठी, आणि तिथे ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ऐवजी ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’ लिहायला विसरू नका.